आठ दिवसांचं पथ्य

शेलूबाजारापासून दोन कोसांवर इंद्रभानचं घर होतं, आणि त्या घरात सहा माणसं, चार औषधवाले आणि पाच पातेली होती. माणसांचं एकमेकांशी बऱ्यापैकी पटत होतं. औषधवाल्यांचं मात्र कशावरच एकमत नव्हतं, आणि त्यांची सगळी भांडणं रोज दोन वेळा तुळसाबाईच्या चुलीवर शिजत होती.

तुळसाबाई इंद्रभानची बायको, घरातली थोरली सून. तिची सासू चतुराबाई गुडघ्यांसाठी कारंज्याच्या वैद्यबुवांचा काढा घेई. वैद्यबुवांनी तिला आंबट बंद केलं होतं आणि वांगं तर पार तोडलं होतं. वऱ्हाडात राहून वांगं सोडायचं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक, पण म्हातारीने एकोणीस वर्षं वांग्याकडे डोळा वर करून पाहिलं नव्हतं. इंद्रभानच्या पोटात आग पडे, म्हणून तो मंगरूळच्या हकीमसाहेबांकडे जाई. हकीमसाहेबांनी तिखट आणि तुरीचं वरण बंद करून मूग आणि गुलकंदावर त्याला बसवलं होतं. धाकटा दीर जगदेव शाळेच्या मास्तरांकडून साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या आणी. त्या गोळ्यांना कांदा, लसूण आणि हिंग यांचा वासदेखील खपत नसे, म्हणून फोडणी पडली की जगदेव घर सोडून निंबाखाली जाऊन बसे. आणि जगदेवची बायको प्रयागबाई हिला एका जोगीबुवाने सांगितलं होतं की पांढरं काही पोटात जाऊ द्यायचं नाही. दूध गेलं, भात गेला, ज्वारी पांढरी म्हणून भाकरही गेली. मग इंद्रभानने तिच्यासाठी लाल ज्वारीचं पोतं शोधून आणलं. मिठाचं काय करायचं यावर दोन दिवस घरात खल झाला, आणि शेवटी तिचं मीठ हळदीत कालवून वेगळ्या वाडग्यात ठेवायचं ठरलं.

राहिली सात वर्षांची रुपा, तुळसाबाईची लेक. तिला स्वतःचा असा वैद्य नव्हता. ज्याचं औषध उरेल त्याने ते तिला चाटवायचं, असा घरचा रिवाज होता. एकदा तिने मास्तरांची सबंध बाटली गोड लागली म्हणून एकटीने संपवली. सारं घर रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिलं आणि ती मात्र ढाराढूर झोपली. सकाळी उठून म्हणाली, "अजून हायेत का?"

आणि तुळसाबाई काय खात असे? हे कुणी कधी विचारलंच नाही, त्यामुळे आपणही थोडं थांबू.

तर सन सदतीसच्या चैत्रात तुळसाबाईचा भाऊ पुंजाजी रिसोडकडून बैलगाडीने आला. त्याच्या लेकीचं, गोमतीचं, लग्न वैशाखात ठरलं होतं. गोमतीच्या बारशाला तिच्या कानात नाव सांगितलं होतं ते तुळसाबाईने, कारण आत्या एकुलती एक.

"बाई, आठ दिवस अगोदर ये," पुंजाजी म्हणाला. "तुह्या हाताची हळद लागल्याबिगर पोट्टी बोहल्यावर चढनार नाई म्हनते."

तुळसाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पण इंद्रभान मिशीवरून हात फिरवत आढ्याकडे पाहायला लागला आणि चतुराबाईने हळूच विषय काढला.

"जाय ना माय, कोन नाई म्हनते. पन आमच्या पथ्यपान्याचं कोन पाहीन?"

झालं. चार वर्षांपूर्वी तुळसाबाई अशीच माहेरी गेली होती. प्रयागबाईने चूल हातात घेतली, आणि दुसऱ्याच दिवशी हकीमसाहेबांचं ताट वैद्यबुवांच्या माणसापुढे गेलं. कोणाला काही झालं नाही. पण झालं असेल या धास्तीने चौघांनीही अंथरूण धरलं आणि तिसऱ्या दिवशी तुळसाबाईला न्यायला गाडी रिसोडला हजर. माहेरचे कणकेचे जाडजूड रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत नुकते फुगत होते. तिने ते तसेच सोडले होते, आणि चार वर्षं त्यांचा वास तिच्या नाकातून गेला नव्हता.

पुंजाजी परत गेला. जाताना बैलांना त्याने उगाचच दोन जास्तीचे हाणले.

त्या रात्री तुळसाबाईने विचार केला. ती रडणारी बाई नव्हती आणि भांडणारी तर नव्हतीच. भांडायला वेळ लागतो, आणि पाच पातेली घासणाऱ्या बाईजवळ वेळ कुठला? पण सकाळी तिने केलं ते आजतागायत त्या गावात सांगतात.

तिने रोजच्यासारखा स्वयंपाक केला. पाचही पातेली ओळीने मांडली, ताटं घेतली, सगळ्यांना बसवलं आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिली.

"वाढ ना," इंद्रभान म्हणाला.

"कसं वाढू? मले आठवत नाई."

"काय आठवत नाई?"

"कोनतं कोनाचं थे. कालपर्यंत आठवत होतं. आज सारं पुसलं गेलं."

पहिल्यांदा सगळे हसले. मग हसू ओसरलं आणि प्रत्येक जण पातेल्यांकडे निरखून पाहायला लागला. खरी गंमत इथेच झाली. कारण आपलं पथ्य काय, हे त्यांच्यापैकी कुणालाच धड माहीत नव्हतं. वर्षानुवर्षं ताट पुढे येई आणि ते खात. चतुराबाईला वांगं तेवढं पाठ होतं. इंद्रभानला मूग आपला की जगदेवचा हे सांगता येईना. प्रयागबाईला पांढरं चालत नाही एवढं माहीत, पण पिवळं मीठ बोटाने चाखून ती जोगीबुवाचं नाव घेत मागे सरली.

"मले सगळं आठवते," रुपा म्हणाली.

तुळसाबाईने लेकीकडे एकदाच पाहिलं. पोरगी हुशार. तिने गुळाचा खडा तोंडात कोंबला आणि दुपारपर्यंत तोंड उघडलं नाही.

दुपारपर्यंत कोणीही घास घेतला नाही. विष परवडलं पण चुकीचं पथ्य नको, अशी त्या घराची श्रद्धा. जगदेव निंबाखाली जाऊन आला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी चतुराबाईच्याच पोटात कावळे ओरडायला लागले.

"मंग आता उपाय काय, तुळसे?"

"एका घरात एकच डाक्टर पाह्यजे, आत्याबाई. लेकरापासून तुमच्यापर्यंत समद्याईले एकच. तापाले बी थोच, गुडघ्याले बी थोच, अन् बाळंतपनाले बी. एक डाक्टर, एक पथ्य, एक पातेलं. तेवढं माह्या ध्यानात राहीन."

भुकेल्या माणसाला लवकर पटतं. एकच ठेवायचा हे सगळ्यांनी पटकन मान्य केलं, आणि तो एक आपलाच असावा हेही प्रत्येकाने तितक्याच पटकन सांगितलं. वैद्यबुवा लेकरांना हात लावत नसत. हकीमसाहेब बाईची नाडी पडद्याआडून पाहत आणि चतुराबाई पडद्याआड बसायला तयार नव्हती. मास्तरांच्या गोळ्यांची लाज रुपाने आधीच काढली होती. जोगीबुवा तर होळीनंतर कुठे गेले ते देवाला ठाऊक. संध्याकाळपर्यंत नुसता गोंधळ. शेवटी शेलूबाजारात नवीन आलेल्या डॉक्टर उदयसिंगाचं नाव निघालं. तो नागपूरहून शिकून आलेला होता, आणि त्याच्यात सगळ्यांत मोठा गुण हा की तो घरात कोणाचाच नव्हता. दिराचा नाही, सासूचा नाही. एवढ्यावर त्याचं नाव एकमताने पुढे गेलं. त्या रात्री तुळसाबाईला पातेली परत आठवली, पण नवा डॉक्टर मिळेपर्यंतच.

बाजाराच्या दिवशी सगळं घर गाडीत बसून डॉक्टर पाहायला निघालं. पाहायला म्हणजे अगदी नवरदेव पाहायला जातात तसंच. चतुराबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, इंद्रभानने पटका बांधला, आणि तुळसाबाईने पाण्याचा पितळी गडवा घेतला. गाडीत ती देवाला एकच गोष्ट मागत होती. हा डॉक्टर पसंत पडू दे, म्हणजे मी गोमतीला हळद लावीन.

डॉक्टर उदयसिंग तिशीतला, शिडशिडीत, चष्मेवाला माणूस. बाजाराच्या टोकाला दोन खोल्यांचा त्याचा दवाखाना होता. रंगीत पाण्याच्या बाटल्या, एक बाकडं, भिंतीला टेकवलेली सायकल. सहा जण एकदम आत आलेले पाहून तो म्हणाला, "पेशंट कोण आहे?"

"थे मागून पाहू," चतुराबाई त्याच्यासमोर बसत म्हणाली. "अगोदर तुहा हात दे."

डॉक्टरने हात दिला. म्हातारीने डोळे मिटून डॉक्टरची नाडी पाहिली. मग त्याला जीभ काढायला लावली. मग विचारलं की बाप आहे का, भाऊ किती, आणि स्वतः आजारी पडला तर कोणाचं औषध घेतो.

"अजून पडलो नाही, आजी."

म्हातारीने लेकाकडे पाहून मान डोलावली. तुळसाबाईचा जीव भांड्यात पडला. इथपर्यंत सगळं झकास चाललं होतं.

मग डॉक्टरने एकेकाला तपासलं. छातीला नळी लावली, पोट दाबलं, डोळे खाली ओढून पाहिले. आणि प्रत्येकाने त्याला शेवटी तोच प्रश्न विचारला, जो त्या मुलखात औषधाच्या आधी विचारतात.

"पथ्य काय?"

"काही नाही," डॉक्टर चतुराबाईला म्हणाला. "गुडघ्यांना तेल चोळा, थोडं चाला. सगळं खा."

"वांगं?"

"वांगंही खा."

इंद्रभानला त्याने सांगितलं की मुगाचा काही संबंध नाही, ही आग तंबाखूची आहे, तंबाखू सोडा. इंद्रभान म्हणाला, "थे सोडून दुसरं पथ्य सांगा." प्रयागबाईला तो म्हणाला की अंगात शक्ती नाही, रोज गलासभर दूध प्या. दूध हा शब्द ऐकून ती बाकड्यावर मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. आणि जगदेवला तपासून त्याने चष्मा पुसला व म्हणाला, "तुमची तब्येत ठणठणीत आहे." आठ वर्षं गोळ्या खाणाऱ्या माणसाला असं तोंडावर बोलायचं? जगदेवचा चेहरा असा पडला की बायकोला वाटलं, आता हा खरंच आजारी पडतो.

सगळे मुकाट्याने बाहेर आले आणि गाडीत बसले. चतुराबाईने निकाल दिला.

"याले काई येत नाई."

"नाडी चांगली होती म्हने ना तू," इंद्रभान म्हणाला.

"नाडी चांगली हाये. पोरगा बी चांगल्या घरचा दिसते. पन पथ्य नाई सांगत थो डाक्टर कायचा? ज्याचं पथ्य कडक त्याचं औषध खरं. अन् काय रे, वांगं खा म्हनते मले. मंग मी एकोनीस वरसं काहून नाई खाल्लं?"

तुळसाबाईला म्हातारीच्या आवाजात काहीतरी वेगळं लागलं. तो राग नव्हता. आपण फसलो की काय, अशी म्हातारीला भीती वाटत होती, आणि एकोणीस वर्षांची भीती ती काही साधी नसते. पण तेव्हा तुळसाबाईला दुसऱ्याच्या दुःखाला सवड नव्हती. हळद हातातून गेली होती. इंद्रभानने बैलांचे कासरे उचलले, आणि तिच्या तोंडून आपसूक निघालं, "थांबा, माहा गडवा राह्यला."

ती उतरली आणि जवळजवळ पळतच दवाखान्यात शिरली.

"डाक्टरसाहेब, आमाले पथ्य सांगा."

"बाई, मी सांगितलं ना. कोणालाच पथ्य नको आहे."

"नोको असू द्या. तरी सांगा. कडक सांगा. सगळ्याईले एकच सांगा."

"खोटं पथ्य? ते मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाला. पण त्याने तिला बसायची खूण केली. "तुम्हाला का हवं आहे ते तर सांगा."

तुळसाबाई बसली नाही. उभ्याउभ्या एका दमात तिने सगळं सांगितलं. वैद्यबुवांचं वांगं आणि आंबट, हकीमसाहेबांचा मूग, मास्तरांचा हिंग, हळदीतलं मीठ, लाल ज्वारी, पाच पातेली, कोणतं पातेलं आधी चुलीवर चढतं, कोणती पळी कशात घालायची नाही, गोमतीचं लग्न, वैशाखातली हळद, आणि चार वर्षांपूर्वी निखाऱ्यांत सोडलेले रोडगे. डॉक्टर आधी हसला. मग हसायचा थांबला.

"आणि तुम्ही काय खाता?"

तुळसाबाई बोलता बोलता अडखळली. हा प्रश्न तिला लग्न झाल्यापासून कुणी केला नव्हता आणि तिने स्वतःलाही केला नव्हता.

"उरते थे," ती म्हणाली. "कदी मूग उरते, कदी नुसती भाकर. कदी काईच उरत नाई, मंग पातेलं पुसून खातो."

डॉक्टरने तिचा हात पुढे मागितला. नाडी पाहिली, नखं दाबून पाहिली, डोळा खाली ओढून पाहिला. आत लाल असायला हवं होतं तिथे सगळं फिकट होतं.

"घरात इतकी माणसं आली," तो सावकाश म्हणाला, "आणि तपासायचं तेच माणूस दारात गडवा धरून उभं होतं. बाई, तुम्ही जा. मी खोटं सांगणार नाही. पण खरं सांगायला मला तुमच्या घरी यावं लागेल."

ती पदराखाली हात धरून गाडीत चढली. "भेटला," म्हणाली. कोणी काही विचारलं नाही. बैल चालू लागले.

चौथ्या दिवशी सकाळी सायकलची घंटी वाजवत डॉक्टर उदयसिंग दारात उतरला. डोक्यावर हॅट, हँडलला बॅग. अख्खी आळी जमा झाली. चतुराबाई बाजेवरून न उठता म्हणाली, "आमी कोनी बलावलं नाई बापा."

"मीच आलो, आजी. त्या दिवशी माझं चुकलं. मी एकेका माणसाला पाहिलं. घर पाहिल्याशिवाय घराचं पथ्य सांगता येत नाही."

पथ्य हा शब्द ऐकल्याबरोबर म्हातारी उठून बसली. प्रयागबाईने चटई टाकली. जगदेव निंबाखालून आत आला. डॉक्टर चुलीपाशी गेला, वाकून पाचही पातेल्यांत डोकावला, हळदीतलं मीठ चाखलं आणि कसंनुसं तोंड करून परत येऊन बसला.

"या घरात आजारी माणूस एकच आहे," तो म्हणाला.

जगदेव सरसावून बसला.

"तुम्ही नाही. या." त्याने तुळसाबाईकडे बोट केलं. "यांच्या अंगात रक्त नाही. नखं पाहा. तुमच्यापैकी कोणी पाहिलीत?"

कोणीच पाहिली नव्हती. इंद्रभान उठला, बायकोपाशी गेला, आणि एवढ्या लोकांत तिचा हात धरून त्याने नखं पाहिली. लग्नात धरला होता त्यानंतर चारचौघांत त्याने तो आताच धरला. हात सोडला, बाहेर गेला, आणि तोंडातली तंबाखू थुंकून परत आला.

"आता पथ्य ऐका," डॉक्टर म्हणाला, "आणि झेपणार नसेल तर आत्ताच सांगा, कारण ते फार कडक आहे. आजपासून या घरात एकच पातेलं चढेल. त्यातलं सगळ्यांनी, सोबत बसून, एकाच वेळी खायचं. यांनीसुद्धा. यांच्या ताटात वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. दुसऱ्याचं उरलेलं औषध लेकराला चाटवायचं नाही. ताप असो की मोडलेलं हाड, आधी मला हाक मारायची. आणि वर्षातून एकदा आठ दिवस यांच्या हातचं अन्न तुम्हाला वर्ज्य. यांनी चुलीला हात लावायचा नाही. मी तर म्हणतो घरातच राहायचं नाही, कारण राहिल्या की लावतीलच."

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. वांगं बंद, हिंग बंद, पांढरं बंद, हे सगळं त्यांनी ऐकलं होतं. पण सबंध घराला आठ दिवस सुनेच्या हातचं बंद, असं पथ्य पंचक्रोशीत कोणी सांगितलं नव्हतं. जगदेवच्या डोळ्यांत तर आदर दाटून आला.

"लय कडक हाये," तो पुटपुटला.

"पन हे आठ दिवस जाईन कोठी?" इंद्रभान म्हणाला.

"मामाच्या घरी," रुपा म्हणाली. "गोमतीताईचं लगन हाये ना."

डॉक्टर खिडकीबाहेर सायकलीकडे पाहायला लागला. तुळसाबाईने पदर तोंडावर धरला आणि तो खूप वेळ खाली घेतला नाही.

पण चतुराबाईचं अजून व्हायचं होतं. घरात शेवटचा शब्द तिचा, आणि ती अजून बोलली नव्हती.

"पथ्य चांगलं हाये," ती म्हणाली. "खरं डाक्टरचं पथ्य हाये. पन एका पातेल्यात खाचं म्हनजे त्यात वांगं बी येईन. डाक्टरा, मले खरं सांग. माहे एकोनीस वरसं फुकट गेले का?"

डॉक्टरला नागपूरच्या शिक्षणात हे काही शिकवलेलं नव्हतं. खोटं बोलायचं नाही ही त्याची जिद्द, आणि खरं बोलायचं तर समोर म्हातारी. त्याने मदतीसाठी तुळसाबाईकडे पाहिलं. सगळं जुळून आलं होतं आणि आता एका वांग्यावर अडलं होतं.

तुळसाबाईने पदर खाली घेतला.

"फुकट कायले जातीन, आत्याबाई? सोळा सोमवार झाले का आपन काय करतो?"

"उद्यापन करतो."

"मंग तुमचे एकोनीस वरसं झाले. उद्यापन कोठी झालं? थे राह्यलं हाये."

म्हातारीने विचार केला. बोटांवर काहीतरी मोजलं. सोमवार सोळा असतात, हिची तर एकोणीस वर्षं, म्हणजे पुण्याची काही कमी नव्हती. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"उद्यापनाले काय लागते मंग?"

"वांगे," तुळसाबाई म्हणाली.

पहिली हसली ती प्रयागबाई. मग इंद्रभान, मग दारातली सगळी आळी, आणि शेवटी स्वतः चतुराबाई अशी हसली की तिला ठसका लागला आणि डॉक्टरला पहिलं औषध म्हणून पाणी तिलाच पाजावं लागलं. त्याच दिवशी उद्यापन झालं. अंगणात गोवऱ्या पेटल्या, रोडगे भाजले, वांग्याची तर्रीदार भाजी एकाच मोठ्या पातेल्यात रटरटली. चतुराबाईने पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले, आणि तो घास संपेपर्यंत तिच्याशी बोलायची कोणाची छाती झाली नाही. जगदेवने कांदा खाल्ला आणि मरायची वाट पाहिली. मरण आलं नाही तेव्हा दुसरा घेतला. प्रयागबाईने डोळे मिटून दूध प्यायलं आणि गलास पुन्हा पुढे केला. डॉक्टरला सायकलवर बसता येईना इतकं वाढलं गेलं.

आणि तुळसाबाईच्या ताटात वाढून होईपर्यंत कोणी घास उचलला नव्हता.

वैशाखात इंद्रभानने गाडी जुंपली. गाडीत गवत अंथरलं होतं, वर गोधडी. रुपा आधीच चढून बसली होती. तुळसाबाई सासूच्या पाया पडायला वाकली तेव्हा चतुराबाईने तिला उठू न देता खाली वाकूनच कानात सांगितलं.

"तुळसे, त्या दिवशी तुहा गडवा गाडीतच होता. माह्या पायापाशी."

तुळसाबाई तशीच वाकून राहिली.

"मंग तुमी बोलल्या काहून नाई, आत्याबाई?"

म्हातारीने सुनेचा हात हातात घेतला आणि तिची नखं पाहिली. अजून फिकटच होती.

"मी बी सून होतो माय," ती म्हणाली. "माह्या येळेस असा डाक्टर नोता."

मग तिने तुळसाबाईला दंडाला धरून उठवलं, गाडीत बसवलं, आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात दटावलं, "पथ्य म्हनजे पथ्य. आठ दिवसाच्या आत या घरात पाय टाकला तं डाक्टरले सांगीन. अन् धा दिवस लागले तं धा लागू दे."

इंद्रभानने बैलांना हाक दिली. तुळसाबाईला डोळ्यांतल्या पाण्याने दारातली सासू नीट दिसत नव्हती, पण तिच्या हातातला गडवा दिसत होता. म्हातारी तो उंच धरून हलवत होती, आणि गाडी रिसोडच्या वाटेला लागली.